पोराचा एकर, बापाचा एकर

अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, जत्रेत ऑगस्टच्या सुमारास गेलात, तर हिरव्या चार पानांचा बिल्ला लावलेली मुलं दिसतात. कुणी ससा आणलेला असतो, कुणी डुक्कर, कुणी आपल्या हातचा मुरंबा. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र चांगलंच परिचयाचं असेल. ही ‘फोर-एच’ची मुलं. आज या संघटनेत रोबो बनवण्यापासून भाषण करण्यापर्यंत सगळं चालतं, त्यामुळे मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी कुणीतरी प्रेमाने काढलेली ही संस्था असावी असं वाटतं. प्रेम होतंच, नाही असं नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे क्लब निघाले तेव्हा त्यांचा खरा रोख मुलांवर नव्हता, मुलांच्या बापांवर होता.

बाप ऐकत नव्हते, हे मूळ दुखणं. अमेरिकेने 1862 च्या कायद्याने प्रत्येक राज्याला सरकारी जमीन देऊन शेती कॉलेजं काढायला लावली. 1887 च्या कायद्याने त्या कॉलेजांना जोडून संशोधन केंद्रं उभी राहिली. तिथे बियाण्यावर, खतावर, जमिनीवर प्रयोग सुरू झाले आणि निष्कर्षांच्या पुस्तिका छापून निघू लागल्या. पुढचा टप्पा मात्र कुणी आखलाच नव्हता. पुस्तिका शेतकऱ्यापर्यंत पोचायची कशी? पोचली तरी तो वाचणार का? शेतकऱ्यांच्या लेखी ही ‘पुस्तकी शेती’ होती. ज्याने आयुष्यात नांगर धरला नाही, त्याने आम्हाला पेरणी शिकवावी? गावोगाव शेतकरी मेळावे भरायचे, प्राध्यापक येऊन बोलायचे आणि खुर्च्या रिकाम्या राहायच्या. आपल्याकडच्या कृषी सहायकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

इलिनॉय राज्यातल्या मकूपिन काउंटीत विल ओटवेल नावाचे गृहस्थ असे मेळावे भरवायचे. जाहिराती देऊनही पदाधिकारी सोडले तर कुणी फिरकेना. वैतागून त्यांनी मोठ्यांचा नाद सोडला. शेतकऱ्यांच्या मुलांची नावं गोळा केली आणि 1900 च्या हंगामासाठी 500 पोरांना निवडक मक्याचं बियाणं फुकट धाडलं. अट एकच: पेरा, वाढवा आणि शरद ऋतूत त्यातली कणसं घेऊन मेळाव्याला या, बक्षिसं आहेत. पोरं आली. आणि पोराचं कणीस पहिलं येतंय की नाही हे बघायला बाप आले, आया आल्या, आजोबा आले. जिथे माणूस फिरकत नव्हता तिथे सुमारे 1500 लोक जमले. प्राध्यापकाचं भाषणही मग त्यांनी ऐकून घेतलं, कारण निकाल शेवटी लागणार होता!

ही युक्ती ओटवेल यांनी एकट्याने काढली असं मात्र नाही. ओहायोतल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम हे शाळांचे अधीक्षक होते. 15 जानेवारी 1902 रोजी स्प्रिंगफील्ड गावातल्या सरकारी इमारतीच्या तळघरात त्यांनी मुलामुलींची बैठक घेतली. कुणी मका लावायचा, कुणी भाजी, कुणी फुलं; आपल्या शेतातली माती लिटमस कागदाने तपासायची आणि सगळ्याची नोंद ठेवायची. राज्याच्या विद्यापीठाने आणि संशोधन केंद्राने त्यांना हात दिला. ही बैठक आज फोर-एचचा जन्मदिवस म्हणून सांगितली जाते. पण हा मान आमचाच, असं आयोवावाले म्हणतात, मिसिसिपीवाले म्हणतात, टेक्सासवालेही म्हणतात. प्रत्येकाकडे आपापली स्मारकाची पाटी आहे. मला विचाराल तर हा वाद सोडवण्यात फारसा अर्थ नाही. दहा वर्षांच्या आत इतक्या ठिकाणी, एकमेकांना न विचारता, तेच सुचलं. यावरून अडचण सगळीकडे एकच होती एवढं कळतं.

खिडकीतला मका

आयोवाच्या पेज काउंटीत जेसी फील्ड ही तरुण शिक्षिका होती. 1901 मध्ये गोल्डनरॉड नावाच्या एकखोली शाळेत शिकवताना तिने मुलांसाठी मक्याचा आणि मुलींसाठी घरकामाचा क्लब सुरू केला. पुढे ती सगळ्या काउंटीच्या शाळांची अधीक्षक झाली, तेव्हा हेच क्लब तिने शंभराहून जास्त शाळांत नेले. तिच्या शाळांतली गणितंसुद्धा शेतातली असत: इतक्या एकरांना इतकं बी, तर खर्च किती.

या शाळांत चाललेला एक उद्योग जरा जवळून बघण्यासारखा आहे. तेव्हा संकरित बियाणं नव्हतं. शेतकरी आपल्याच मक्यातली चांगली दिसणारी कणसं बाजूला ठेवायचा आणि वसंतात तीच पेरायचा. पण आयोवाच्या कडाक्याच्या थंडीत ओलसर राहिलेल्या कणसातला कोंब आतल्या आत मरतो. दाणा बाहेरून पिवळाधमक, आतून मेलेला. एका कणसात आठशे-हजार दाणे असतात. म्हणजे असं एक कणीस बियाण्यात मिसळलं की शेतात तेवढ्या जागा रिकाम्या राहणार. आयोवाच्या कॉलेजातले प्रा. पी. जी. होल्डन हे सांगण्यासाठी 1904 पासून चक्क आगगाडी घेऊन राज्यभर फिरत होते. गाडी स्टेशनात थांबायची, शेतकरी डब्यात चढायचे, व्याख्यान ऐकायचे आणि उतरायचे.

मुलांनी तेच करून दाखवलं. प्रत्येक कणसाला नंबर द्यायचा. कणसाच्या वेगवेगळ्या भागांतून सहा दाणे काढायचे. लांबट कापडावर चौकटी आखून त्या-त्या नंबरच्या चौकटीत ते ठेवायचे, कापडाची गुंडाळी करायची, भिजवायची आणि शाळेत उबेला ठेवून द्यायची. आठवड्याने उलगडलं की हिशेब समोर: 14 नंबरचे सहाच्या सहा उगवले, 15 नंबरचे दोनच. मग 15 नंबरचं कणीस डुकराला. खरिपाच्या तोंडावर सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवणशक्ती बघा म्हणून आपला कृषी विभाग दरवर्षी सांगतो, त्याचीच ही सख्खी बहीण.

आता बापाची पंचाईत बघा. कॉलेजच्या माणसाला ‘तुमचं तुमच्यापाशी’ म्हणता येतं. पण घरातलंच पोर आपण निवडलेल्या बियाण्यातली निम्मी कणसं टाकाऊ निघाल्याचा कागद घेऊन जेवायच्या वेळी समोर बसलं, तर काय म्हणणार?

कपाशीच्या मुलखात मका

उत्तरेतले क्लब शाळांतून निघाले. दक्षिणेत त्यांना जोर आला तो एका किडीमुळे. मेक्सिकोतून 1892 च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेला, कपाशीची बोंडं पोखरणारा एक छोटा सोंडवाला भुंगेरा कापसाचा मुलूखच्या मुलूख झोपवत पूर्वेकडे सरकत होता. आपली गुलाबी बोंडअळी ती वेगळी, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ती धास्ती लगेच समजेल. कापूस हे एकच नगदी पीक, त्यावरच सावकाराची उधारी, आणि तेच हातचं जायला लागलेलं.

केंद्राच्या शेती खात्याने सीमन नॅप या सत्तरीच्या म्हाताऱ्याला तिथे पाठवलं. नॅप यांचा व्याख्यानांवर विश्वास नव्हता. शेतकरी ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, स्वतः केलेल्यावर मात्र घेत नाही, हे त्यांचं सूत्र. 1903 मध्ये टेक्सासच्या टेरेल गावाजवळ एका शेतकऱ्याच्याच शेतात, त्याच्याच हातांनी त्यांनी सुधारित पद्धतीने पीक काढून दाखवलं. आपण आज ज्याला ‘पीक प्रात्यक्षिक’ म्हणतो त्याचा वंश इथवर नेता येतो.

पण एका शेतकऱ्याला पटवायचं म्हणजे एक माणूस, एक घोडा आणि एक हंगाम. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीचे शाळा अधीक्षक विल्यम स्मिथ यांनी 1907 मध्ये 120 मुलांचा मका क्लब काढला, तेव्हा नॅप यांनी संधी हेरली. स्मिथना खात्यात घेतलं गेलं. वार्षिक पगार 1 डॉलर! यात गंमत वाटते, पण तो डॉलर फार हिशेबी होता. सरकारी नोकर झाल्यामुळे स्मिथना टपाल फुकट झालं, आणि शेकडो मुलांशी पत्राने संपर्क ठेवणाऱ्या माणसाला पगारापेक्षा तेच जास्त गरजेचं होतं. 1910 पर्यंत दक्षिणेतल्या मका क्लबांच्या सभासदांची संख्या 40 हजारांच्या पुढे गेली.

कापसाच्या मुलखात मकाच का? कारण कापूस विकून लोक मका विकत आणत होते. माणसांची भाकरी आणि जनावरांचा दाणा, दोन्ही बाहेरून. कापूस बुडाला की दोन्ही बुडणार. घरचा मका घरी पिकला तर निदान पोट तरी भरेल, एवढा साधा विचार त्यामागे होता.

चार रकाने

मला या सगळ्यात सर्वांत हुशारीची वाटते ती या क्लबांची स्पर्धा. नियम असे: वय 10 ते 18, जमीन मोजून एक एकर, काम मुलाने करायचं, सोंगणी आणि वजन दोन त्रयस्थ साक्षीदारांसमोर. आपल्या पीक स्पर्धेतही कापणी अशीच समोर होते. पण गुण कसे द्यायचे ते बघा. उताऱ्याला 30 टक्के. नफ्याला 30 टक्के. निवडक दहा कणसांच्या नमुन्याला 20 टक्के. आणि उरलेले 20 टक्के मुलाने स्वतः लिहिलेल्या ‘मी मका कसा पिकवला’ या निबंधाला.

म्हणजे नुसतं भरमसाट खत ओतून उतारा वाढवला तर नफ्याचे गुण जाणार. पीक उत्तम आणि नोंदी शून्य, तरी गुण जाणार. नफा काढण्याची रीतही ठरवून दिलेली होती. जमीन बापाची असली तरी तिचा खंड एकरी 5 डॉलर धरायचा. मुलाची स्वतःची मजुरी तासाला 10 सेंट. घोड्याची तासाला 5 सेंट. सगळं खर्चात मांडायचं आणि मग उरेल तो नफा.

घरच्या जमिनीचा खंड आणि घरच्या माणसाची मजुरी खर्चात धरायची, ही गोष्ट आजही आपल्याकडे हमीभावाच्या वादात दरवर्षी नव्याने भांडावी लागते. ‘ए-टू अधिक एफएल’ (रोख खर्च अधिक घरच्यांची मजुरी) धरायचा की ‘सी-टू’ (त्यात घरच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही), यातली निम्मी लढाई खंडाच्याच आकड्याची आहे. मिसिसिपीतलं बारा वर्षांचं पोर 1910 मध्ये आपल्या वहीत ते मांडत होतं, आणि त्याच्या बापाने जन्मात कधी आपल्या घामाची किंमत कागदावर लिहिलेली नव्हती.

त्याच 1910 साली साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या एका एकरात 228 पूर्णांक 3/4 बुशेल मका काढला. आपल्या मापात साधारण 58 क्विंटल. आजूबाजूच्या शेतांत तेव्हा एकरी 5 क्विंटलच्या आसपास निघत होता. देशभर बोलबाला झाला. अशा विजेत्या मुलांना वॉशिंग्टनची सहल घडायची आणि खुद्द शेतीमंत्री प्रमाणपत्र द्यायचे. एवढा उतारा सगळ्यांनी काढावा असं कुणी शहाण्याने म्हटलं नसतं. त्यामागे खत होतं, मेहनत होती, आणि एकच एकर होता. पण बांधापलीकडे बापाचा मका उभा असताना पोराच्या एकरात त्याच्या दुप्पट-तिप्पट जरी आला, तरी वाद संपत होता.

भांडणं झाली नाहीत असं नाही. पोराला दिलेला एकर कोणता? पुष्कळदा सगळ्यांत नापीक. आणि चांगला पिकला की पैसे कुणाचे? मुलाचं वासरू मोठं झालं की बापाची गाय होते, अशी एक म्हणच तिकडच्या शेतकऱ्यांत आहे. म्हणूनच पुढे जनावरांचे क्लब निघाले तेव्हा मालकी मुलाच्याच नावावर, असा आग्रह धरला जाऊ लागला. काही ठिकाणी तर बँका डुकराचं पिल्लू घ्यायला खुद्द मुलाच्या सहीवर कर्ज देत. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला, मग तो पोरगा असो की घरची बाई, योजनेच्या दारात कुणी उभं करत नाही.

चार गुंठे टोमॅटो

साउथ कॅरोलायनाच्या एकन काउंटीतली शिक्षिका मरी क्रोमर हिने मुलांच्या मका क्लबांबद्दल ऐकलं आणि तिला प्रश्न पडला: मग मुलींचं काय? 1910 मध्ये तिने 47 मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीला एकराचा दहावा भाग, म्हणजे आपले चार गुंठे. रोपं तयार करायची, लावायची, निगा राखायची आणि माल निघाला की डबाबंद करायचा.

डबाबंद करण्याचा भाग घाम काढणारा होता. ऐन उन्हाळ्यात झाडाखाली चूल आणि पाण्याची मोठी टाकी. टोमॅटो गरम पाण्यात बुचकळून साल काढायची, पत्र्याच्या डब्यात दाबून भरायचे, झाकण डाखाने सांधायचं, डबे ठरावीक वेळ उकळायचे. सांधा नीट बसला नाही तर डबा फुगणार आणि माल वाया. पहिल्याच वर्षीच्या विजेतीने आपल्या चार गुंठ्यांतून 500 च्या वर डबे भरले. दोन-तीन वर्षांत हे क्लब दक्षिणेच्या राज्याराज्यांत पसरले. डब्यांवर एकसारखी चिठ्ठी आणि माल ठरलेल्या दर्जाचा. दुकानदार विकत घेऊ लागले.

मका क्लबपेक्षा हा क्लब घरात जास्त खोल शिरला असं मला वाटतं. मुलाने कमावलं तर कौतुक होतं, पण ते अपेक्षितच होतं. मुलीच्या हातात तिच्या नावाचे, तिने हिशेब ठेवलेले पैसे येणं, आणि त्या पैशांतून कुणी पुढच्या शाळेची फी भरणं, हे त्या काळच्या त्या मुलखात साधं नव्हतं. शिवाय मुलींच्या मागोमाग त्यांच्या आया चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतूनच पुढे बायकांसाठी वेगळ्या गृहविज्ञान कार्यकर्त्या नेमल्या गेल्या.

एक गोष्ट मात्र या गोड कहाण्यांत बरेचदा गाळली जाते. दक्षिणेतले हे क्लब गोऱ्या मुलांचे होते. काळ्या मुलांचे क्लब वेगळे आणि त्यांना मिळणारा पैसाही तुटपुंजा. त्यांचं काम टस्कगी आणि हॅम्प्टन या काळ्यांच्या संस्थांनी उभं केलं. टस्कगीहून 1906 मध्ये थॉमस कॅम्पबेल हे अवजारांनी भरलेली गाडी घेऊन खेडोपाडी फिरू लागले. शेती खात्याने नेमलेले ते पहिले कृष्णवर्णीय कार्यकर्ते. 1914 मध्ये शेती विस्ताराचा, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेती पोचवण्याच्या कामाचा, कायदा झाला तेव्हा पैसा कुठल्या कॉलेजाला द्यायचा हे राज्यांवर सोपवलं गेलं, आणि दक्षिणेतल्या राज्यांनी तो गोऱ्यांच्या कॉलेजांकडे वळवला. ही वेगळी पंगत 1964 च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत उघडपणे चालली.

सरकार आलं, युद्ध आलं

तोवर हा सगळा खटाटोप जमेल तिथून पैसा आणून चालला होता. थोडा शेती खात्याचा, बराच रॉकफेलर यांच्या पैशांवर चालणाऱ्या शिक्षण मंडळाचा, बाकी गावचे व्यापारी, बँका, रेल्वे. रेल्वेला मालवाहतूक हवी, बँकेला फेडणारं कुळ हवं. हेतू अगदी सोवळे नव्हते. 8 मे 1914 रोजी स्मिथ-लीव्हर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली आणि शेती विस्ताराचं काम कायमचं सरकारी झालं: केंद्राच्या पैशाला राज्याने आपल्या पैशाची जोड द्यायची, काम कॉलेजांमार्फत, काउंटीत पगारी माणूस. मुलांचे क्लब त्याच छत्राखाली आले.

1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा अन्नधान्य वाढवायला जादा पैसा आला आणि क्लबांत मुलांची नुसती रीघ लागली. युद्ध संपलं, पैसा आटला, आणि सभासद तितक्याच वेगाने गळाले. नाव नोंदवलेल्यांतल्या पुष्कळांनी हाती घेतलेलं काम पुरंही केलेलं नव्हतं. या पडझडीत टिकले ते क्लब, जिथे गावातलीच एखादी शिक्षिका किंवा शेजारीण मुलांना महिन्यातून एकदा जमवत होती. जिथे मुलांचा स्वतःचा अध्यक्ष होता, चिटणीस होता, सभेचं इतिवृत्त लिहिलं जात होतं. बक्षिसाच्या आशेने आलेलं पोर हरलं की पुढच्या वर्षी येत नाही. मित्रांसाठी येणारं येतं. 1920 नंतर संघटनेने याच धर्तीवर पुन्हा बांधणी केली.

चार पानांचं चिन्ह 1911 मध्येच ठरलं होतं. इंग्रजीतली डोकं, हृदय आणि हात ही एच अक्षराची तीन नावं आधीपासून होती. चौथं आधी ‘धडाडी’ अशा अर्थाचं होतं, ते बदलून आरोग्य झालं. गर्ट्रूड वॉरन यांनी 1918 च्या एका सरकारी पुस्तिकेत ‘फोर-एच’ हे नाव वापरलं आणि 1924 पर्यंत ते देशभर रूढ झालं. 1927 मध्ये वॉशिंग्टनला शेती खात्याच्या दारात तंबू ठोकून पहिलं राष्ट्रीय शिबिर भरलं, तिथे शपथ ठरली: डोकं, हृदय, हात आणि आरोग्य माझ्या क्लबसाठी, समाजासाठी, देशासाठी. 1948 पासून या संघटनेने तरुण शेतकऱ्यांची देशोदेशी देवाणघेवाण सुरू केली. पुढच्या दशकात भारतातले तरुणही तिकडच्या शेतकरी घरांत जाऊन राहिले आणि तिकडचे आपल्या खेड्यांत. शपथेत ‘माझ्या जगासाठी’ हे शब्द घालायला मात्र 1973 उजाडावं लागलं.